जाधव सरांचं किरायाचं घर

घरं दाखवायच्या धंद्यात कमिशन किती मिळतं ते विचारू नका, पण किस्से इतके जमतात की ते ठेवायलाच एक वन बीएचके लागावा! आता जाधव सरांचंच घ्या ना.

सर पाचोडकडं मास्तर होते. बदल्यांपायी जन्मभर किरायाच्या घरात राहिले आणि रिटायर झाल्यावर शहरात आले ते गारखेड्यातही किरायानंच. फंडाचे पैसे हातात आले तसे माझ्याकडं आले. "मंगलताई, फ्लॅट घ्यायचाय. राहायला नाय, किरायानं द्यायला! पेन्शन औषधपाण्यात जाते आणि पोरापुढं हात पसरायचा नाय मला."

मागं सरांच्या बायको, आमच्या काकू, उभ्या होत्या. 'राहायला नाय' ऐकून त्यांनी मान खाली घातली. मला तेव्हाच वाईट वाटलं.

* * *

सरांनी वस्त्यांची परीक्षाच घेतली. पाणी, रस्ता, किराया, सगळ्याला मार्क! बीड बायपासला बिल्डरचा माणूस पोहायचा तलाव दाखवत होता. सरांनी विचारलं, "नळ किती दिवसांनी येतो?"

"सर, टँकर आहे की!"

"आणि या तलावात?"

"त्यात पण टँकरच."

काकू म्हणाल्या, "बरंय. टँकर नाय आला तर इथून घागर भरता येईल!"

सरांनी पाण्यात शून्य दिलं.

* * *

मग वाळूज. कंपन्या जवळ, किराया हमखास. मालक म्हणाला, "तीनच जण राहतात, लई साधे." दाराशी चपला मोजल्या तर नऊ जोड! शिफ्टवाले गडी ते, रात्रपाळी करून नऊच्या नऊ आत झोपलेले.

सरांनी वर्गात घुसल्यासारखा आवाज काढला, "किती जण आहात रे आत?"

आतून एकजण झोपेतच ओरडला, "हजर, सर!"

मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

* * *

गुलमंडीत एका कापड दुकानावरच्या दोन खोल्या विकायला होत्या. सरांनी खालच्या दुकानदार चाचांना विचारलं, "इथं भाडेकरू टिकतो का?"

चाचा हसायलाच लागले. "मास्टरजी, टिकने का क्या पूछते! मेरे वालिद भी किरायेदार थे, मैं भी हूँ, और बेटा भी यहीं बैठेगा!"

असा भाडेकरू कधी निघायचाच नाही! सर जिना न चढताच थेट रिक्षात बसले.

* * *

प्रत्येक घरात सर भिंती ठोकायचे आणि काकू मुकाट्यानं स्वयंपाकघरात जायच्या. ओट्यापाशी उभ्या राहून नुसतं लाटल्यासारखं करायच्या. सर चिडायचे, "अगं, आपल्याला राहायचंय का इथं?"

"भाडेकरणीला कंबर नसती व्हय?" काकू म्हणायच्या.

सिडकोतल्या एका फ्लॅटवर मात्र दोघांचं एकमत झालं. सरांचे मार्क जुळले आणि काकूंची कंबर.

* * *

बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटी कमी लागते, म्हणून सरांनी घर काकूंच्या नावावर केलं. आठवडाभर स्वतःच्या हुशारीवर खूश होते! मी पण फिरून भाडेकरू म्हणून एक बँकेतला साहेब गाठला. माणूस सभ्य, सरांनी सांगितलेला किराया कबूल. करारनामा घेऊन मी फ्लॅटवर गेले, तर काकूंनी कागद उलटा ठेवून दिला.

"मंगलताई, घर माझ्या नावावर हाय ना? मग भाडेकरू पण मीच बघितलाय. म्हातारा-म्हातारी दोघंच. बाई गुणाची, बाबा जरा किटकिट करतो."

सर दचकले. "आणि किराया?"

"गारखेड्याच्या मालकाला देता तेवढाच. एक तारखेला, माझ्या हातात."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी आपली खिडकीबाहेर बघते! शेवटी हळूच त्यांनी विचारलं, "बरं... डिपॉझिट?"

"ते मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात भरलंय," काकू म्हणाल्या. "किल्ली आणा इकडं."