मुरुडच्या समुद्रकाठी तीन दिवस वरण-भात

पप्पांची कारखान्यातली नोकरी संपली त्याच आठवड्यात मी घरात जाहीर करून टाकलं, आपण तिघं समुद्र पाहायला जाणार. पप्पांचं आयुष्य जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या भट्टीवर गेलं. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. दोघांनीही समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. मी घरातली पहिली पदवीधर, एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. त्यामुळं ठिकाण निवडायचं काम आपोआपच माझ्याकडं आलं.

आधीच सांगते, ही सहल मीच निवडली, मीच आखली आणि मीच बिघडवली. ठिकाणाचा त्यात काही दोष नाही. म्हणून जायचं कसं, पाहायचं काय, हेही नीट लिहिते.

मला समुद्र आणि इतिहास दोन्ही हवं होतं. मालवणला पाण्यातला किल्ला आहे, पण जालन्याहून जायचं म्हणजे आईचे गुडघे प्रवासातच संपले असते. घारापुरीला बेट आहे, लेणी आहेत, पण तिथं सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं. आई म्हणाली, "इतक्या लांब जाऊन लगेच माघारी? मंग पाणी कवा बघायचं?" शेवटी मुरुड ठरलं. गावाला लागून किनारा, होडीनं जायचा जंजिरा किल्ला आणि तासाभराच्या रस्त्यावर खाडीच्या वर कोरलेली कुडा इथली बौद्ध लेणी. आम्ही बौद्ध. वेरूळ-अजिंठा आम्हाला जवळ, पण समुद्राकाठी आपली लेणी आहेत म्हटल्यावर पप्पा खूश झाले.

त्यांची अट एकच होती. "मला ताजी मच्छी पायजे. समुद्रातली." आमच्याकडं धरणातली रोहू-कटला मिळते आणि समुद्राची म्हणून वाळलेली सुकट न् बोंबील. भट्टीवर त्यांच्या सोबत रत्नागिरीकडचे एक कामगार होते, ते डबा खाताना सुरमईचं वर्णन करायचे. पप्पांनी ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

राहायला एका कोळी कुटुंबाच्या घरातली खोली मिळाली. हॉटेलापेक्षा स्वस्त, घरचं जेवण, समुद्र चालत पाच मिनिटांवर. सोमवार ते गुरुवार गेलात तर गर्दी नसते आणि भाडंही कमी. मी फोन केला. घरमालकीण कुंदाकाकींनी नाव, किती जण, किती दिवस विचारलं आणि मग म्हणाल्या, "व्हेज का नॉनव्हेज?"

संभाजीनगरला शिकताना खोली शोधत फिरले होते. प्रत्येक दारात हाच प्रश्न असायचा आणि तो जेवणाचा नसायचा. पहिल्या दोन घरी खरं सांगितलं तर खोली तेवढ्यात भरलेली निघाली. तिसऱ्या घरी मी "व्हेज" म्हणाले आणि खोली मिळाली. त्या दिवशी फोनवर काकींनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तेच गेलं. एवढ्यावर थांबले नाही. "प्युअर व्हेज," मी म्हणाले, "घरात माळकरी आहेत."

घरी यातलं काही सांगितलं नाही. जेवायला बसल्यावर बघू, असं वाटलं असावं.

डिसेंबरातल्या एका रविवारी रात्री जालन्याहून रेल्वेनं निघालो. सकाळी मुंबईत उतरून टॅक्सीनं गेटवेला आणि तिथून बोटीनं मांडव्याला. रस्त्यानं गेलात तर पाच-सहा तास बसणं आहे, बोट निवडा. तिकिटात पुढची अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. बोटीवर आईनं कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि मांडवा येईपर्यंत सोडलं नाही. समुद्रपक्षी शेजारून उडत होते. पप्पा म्हणाले, "बघ, हे बिना रिझर्वेशनचे चालले." अलिबागहून मुरुडची एसटी मिळते. खिडकी डाव्या नाही, उजव्या बाजूची धरा. काशीदच्या पुढं रस्ता पाण्याला चिकटून जातो आणि सुरूच्या झाडांतून समुद्र सारखा डोकावतो. आई अख्खा रस्ता खिडकीला चिकटून होती. उतरताना फक्त म्हणाली, "संपतच न्हाई की गं हे."

कुंदाकाकी दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, आवाज मोठा, केसात अबोलीचा गजरा. "या या, दमलात ना? हातपाय धुवा. आणि जेवणाची काळजी करू नका हां. भांडी जावेकडून वेगळी आणलीत, तिच्याकडं गणपतीला लागतात ती. तुम्ही आहात तोवर माझ्या चुलीवर मासा चढायचा नाय. आमची मंडळी जावेकडं जेवतील."

मी "कशाला काकी" असं काहीतरी पुटपुटले.

ताटात वरण, भात, बटाट्याची भाजी, सोलकढी. पप्पांनी ताटाकडं पाहिलं, मग खिडकीतून समुद्राकडं पाहिलं. काकी आत गेल्यावर आईला हळूच म्हणाले, "सोमवार असंल बाईचा."

मंगळवारी जंजिरा. मुरुडहून राजपुरीच्या धक्क्यापर्यंत रिक्षा जाते, तिथून शिडाच्या होड्या. सकाळी लवकर जा, उन्हात तटावर सावली नाही. होडी भरल्याशिवाय सोडत नाहीत, तेव्हा घाई ठेवू नका. किल्ला अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. सगळा तट एकसारखा वाटतो, मग एकाएकी कमान समोर येते. आईला होडीतून पायरीवर घेताना नावाडी म्हणाला, "मावशी, लाट वर आली की पाय टाकायचा, तिच्याशी भांडायचं नाय." आईनं बरोबर टाकला. आत पडके वाडे, प्रचंड तोफा आणि समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचा तलाव. तलावाशी पप्पा बराच वेळ उभे राहिले. "चारी बाजूनं खारं अन् मधात हे. अन् आपल्याकडं टँकर," ते म्हणाले. मी आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींची गोष्ट सांगत होते, गुलाम म्हणून आणलेली माणसं इथं राज्य करत होती वगैरे. माझा आवाज भाषणासारखा झाला होता, हे मला आत्ता कळतं. तटावरून पलीकडं पद्मदुर्ग दिसतो. तिथं गर्दी फार कमी असते.

परतताना धक्क्याजवळच्या खाणावळीत एक बाई तव्यावर मासे तळत होती. पप्पा जागीच थांबले. "सुरमई हाये का ही?" त्यांनी बाईला विचारलं. तिनं उलथन्यानं तुकडा उचलून दाखवला. पांढराशुभ्र, तळहाताएवढा. पप्पा बाकावर बसलेच. तेवढ्यात आमचा रिक्षावाला, काकींचा दीरच तो, हात पुसत आला. "चला, वहिनीनं तुमच्यासाठी पुरणाच्या पोळ्या केल्यात." मी पप्पांच्या कोपराला धरलं. "पप्पा, उठा. इथं नको."

"कामून?"

"घरी सांगते."

खोलीवर सांगितलं. आई पलंगावर बसून ऐकत होती. तिनं सगळ्यात आधी विचारलं, "मंग त्या बाईच्या घरची माणसं आपल्यापायी दुसऱ्याच्या दारात जेवून राह्यलीत?" मी मान हलवली. जेवताना पप्पांनी पुरणपोळी दोनदा मागून घेतली, काकींना बरं वाटावं म्हणून.

बुधवारी कुडा. रिक्षा दिवसभरासाठी ठरवा. परतीला वाहन मिळत नाही. सोबत पाणी घ्या. पायऱ्या आहेत पण बेतानं चढलं तर आईसारख्यांनाही जमतं. वर पोचलं की खाली राजपुरीची खाडी, झाडी आणि डोंगर. विसाच्या वर लेणी आहेत, मोठ्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात कोरलेली जोडपी पाहण्यासारखी. दान देणाऱ्यांची नावं भिंतींवर आहेत; मी वाचून गेले होते की त्यात भिक्खुणी आहे, फुलं विकणारा आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. लोखंडवाला ऐकून पप्पा हसले, कालपासून पहिल्यांदा. "म्हणजे आपला एमआयडीसीवाला."

मग त्यांनी चपला काढल्या, स्तूपासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं त्रिशरण म्हटलं. आईनं साथ दिली. दगडात आवाज घुमत राहिला. मी हात जोडले होते, पण डोळे मिटले नव्हते. मी दारात उभ्या रिक्षावाल्याकडं पाहत होते, तो काय समजतोय म्हणून. पप्पांचं म्हणून झालं आणि वळल्यावर त्यांना मी तशीच दिसले.

संध्याकाळी जेवण वाढताना काकी म्हणाल्या, "दीर सांगत होता, बाबांनी लेण्यात काय सुंदर म्हटलं. अंगावर काटा आला म्हणाला. आमच्या शाळेतल्या बाई पण बौद्धच हो. दर रविवारी माझ्याकडूनच कोळंबी नेतात." त्या सहज हसल्या. "तुमच्या घरात मात्र सगळे माळकरी?"

आता भीती कसलीच नव्हती. काकींनी दार सताड उघडून ठेवलं होतं. मी फक्त "नाही काकी" एवढंच म्हणायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "आमच्या घरात तसंच आहे."

पप्पा अर्ध्या ताटावरून उठले. पोट बरं नाही म्हणाले आणि बाहेर पडले. मी मागं गेले. ओहोटी होती, पाणी दूर गेलेलं, ओल्या वाळूत पोरं क्रिकेट खेळत होती. पप्पा चालत राहिले.

"फोनवर घाबरली, ते समजलं मला," ते म्हणाले. "मी पण दुनिया पाह्यली. पण मी भट्टीवर डब्बा उघडायचो अन् सांगायचो, आज बोंबील हाये. ज्याला सरकायचं तो सरकायचा. माझ्या तोंडानं मी कधी दुसरं सांगितलं न्हाई. तू आमच्या दोघांच्या वतीनं कामून सांगितलं?"

मी रडायला लागले. "तुम्हाला कुणी काही बोलू नये म्हणून, पप्पा."

"कोण बोललं? ती बाई पोळ्या करून राह्यली."

चौदा एप्रिलला व्यासपीठावर उभी राहून मी ताठ मानेनं जगण्यावर बोलते. पप्पा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. त्यांनी ते भाषण काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी सामान बांधलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. काकी जावेची भांडी घासत होत्या. मी सगळं सांगितलं. फोन, संभाजीनगरची खोली, कालचं "हो" सुद्धा. त्यांचा हात थांबला.

"नाव तरी खरं सांगितलंस का?"

"हो काकी."

"म्हणजे मी तुम्हाला जेवायला घालणार नाय, असं वाटलं तुला. माझ्याकडं बघून."

"बघून नाही. फोनवर..."

"आल्यावर बघितलंस ना? तीन दिवस बघितलंस." त्यांनी भांडं उपडं घातलं. "मी कोळीण गो. व्हेज का नॉनव्हेज एवढ्यासाठी विचारते, की सकाळी बाजारात टोपली केवढी न्यायची."

त्या बाहेर आल्या आणि पप्पांना म्हणाल्या, "भाऊ, दहाला होड्या लागतील. थांबा. सुरमई नाय तर निदान बांगडा खाऊन जा." पप्पांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आठची एसटी, दुपारची बोट, रात्रीच्या गाडीचं रिझर्वेशन. सगळं मीच एकाला एक जोडून आखलेलं. "पुढल्या खेपेला, ताई," ते म्हणाले.

काकींनी आईचा हात धरला. "नक्की या. पण हिला आणू नका."

आई हसली. काकीही हसल्या. रिक्षात बसेपर्यंत मी वाट पाहिली, त्या माझ्याकडं बघून काही म्हणतील का. त्यांनी आईलाच हात केला.

तर मुरुडला जा. समुद्र, किल्ला, लेणी, तिन्ही एका जागी आणि खर्च बेताचा. खोली घेताना जे खाता ते सांगा. मलाही माहीत आहे की काही दारं त्यावर बंद होतात. पण सोबत आई-वडील असतील तर काय सांगायचं, ते निदान त्यांना विचारून ठरवा.

परतल्यावर शनिवारी पप्पांचे भट्टीवरचे दोस्त, शेजारचे रहीमचाचा, चहाला आले. बसता बसताच त्यांनी विचारलं, "क्यूं भाई, समुद्राची मच्छी खाल्ली का?"

मी कप घेऊन दारात उभी होते.

"खाल्ली ना," पप्पा म्हणाले. माझ्याकडं न पाहता. "सुरमई. पांढरी शुभ्र, तळहाताएवढा तुकडा. तव्यावर तळून देतात. बिलकुल ताजी."

"अरे वा! पण मला एक सांग," चाचा पुढं सरकले. "आपले वाळलेले बोंबील तर खारट राहतात. ताजी मच्छी पण खारट लागती का? खाऱ्या पाण्यातली असून?"

पप्पा थांबले. त्यांनी आईकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, अडलेलं काही विचारायला ते नेहमी माझ्याकडं पाहतात तसं.

मलाही माहीत नव्हतं.