मोरीतली तार

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात धुळ्याच्या आमच्या घरी थोरल्या भावाने गिटारसाठी अॅम्प्लिफायर बनवला. गिटार भुसावळच्या एका रेल्वे गार्डाने निवृत्त होताना त्याला दिली होती. मांडीवर आडवी ठेवून तो ती वाजवी. अॅम्प्लिफायरचा सांगाडा म्हणजे शेंगदाणा तेलाचा कापलेला डबा. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले की डब्याच्या सांध्यांतलं जुनं तेल खवट वास सोडी. जेवण जात नसे.

त्याहून वाईट घुमघुम. एकही तार छेडण्याआधी स्पीकरमधून मेल्या ढोरावरच्या माश्यांसारखा आवाज सुरू होई.

आमचे चुलते, आबा, भजनी मंडळाचे प्रमुख. "तुना डबामा भुंगा कोंडेल शे का रे?" त्यांनी विचारलं. भजनात वाजवू द्या म्हणून भावाने फार गळ घातल्यावर म्हणाले, "एकादशीले बस. घुमनं त परत नाव लेवानं नही."

आम्ही दोघांनी व्हॉल्व्हच्या तारांना पीळ घातला, कंडेन्सर बदलला, ट्रान्सफॉर्मर लांब सरकवला. आवाज कमी झाला, गेला नाही. अर्थिंगसाठी डब्याला तार जोडून ती ओल्या जमिनीत पुरायला हवी होती. उन्हाळ्यात घरात ओल एकाच जागी होती: मोरीच्या तोंडाशी. काळ्या गाळात मी कोपरापर्यंत हात घातला. केस, शितं, थुंकी. वास नखांतून दोन दिवस गेला नाही. पण घुमघुम थांबली.

एकादशीला दुपारी ती परत आली. भावाचा चेहरा उतरला. शोधताना गिटारलाच बांधलेली दुसरी तार सापडली. ती तुळशीत गेली होती. वाद्य देवापुढे बसणार म्हणून आबांनी त्याला शुद्ध माती जोडून दिली होती. दोन ठिकाणच्या जमिनींमधून वीज फिरत होती. तुळशीची तार सोडताच शांतता झाली.

तेवढ्यात आबा आले. उरलेल्या तारेमागे त्यांची नजर गेली.

"हाई तार कोठे जास?"

"मोरीमा, आबा."

"देवना गाना मोरीमाईन? बठ्ठं बाटाडं तुम्हीन!"

नुसती तुळशीची तार जोडून पाहिली. रोजच्या एका तांब्यावर ती माती ओली राहत नव्हती. स्पीकरमधल्या माश्या परत घोंगावू लागल्या.

"मोरीनी काढी त घुमस, आबा," भाऊ म्हणाला.

"मंग बाजा उचल."

भावाने गिटार फडक्यात गुंडाळली. मंडळी आली, मोरीवर पाय धुऊन आत बसली. आबांनी चूळ भरली, खाकरून तिथेच थुंकले, ओल्या हाताने टाळ उचलले आणि भजन सुरू केलं.