दाराचा टेकू

ऑफिसात नवी लागलेली वर्षा साहेबांच्या केबिनमध्ये सहीला जाते, तेव्हा दाराला कचऱ्याच्या डब्याचा टेकू लावते. आधी मला हसू आलं, मग संशय. साहेब मला 'दामलेबाई' म्हणतात, तिला मात्र 'वर्षू'.

"डबा कशाला गं?"

"दार आपोआप लागतं, बाई," ती खाली बघत म्हणाली.

दुपारी मी फाइल घेऊन आत गेले. दार सताड उघडंच राहिलं. दारंसुद्धा माणसं बघून लागतात की काय? तिच्या आधीच्या दोघी नोकरी का सोडून गेल्या, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आज पुन्हा "वर्षू!" अशी हाक आली. तिने सवयीने डबा उचलला.

"राहू दे तो," मी म्हटलं आणि माझी खुर्ची ओढत नेऊन त्या दारात मांडली.