छाटीचं अकरावं

मंगलच्या हाताला धावदोरा चांगला, हे निपाणीच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या घरी पाळणा हलला की बायका सासूची, आजीची मऊ झालेली लुगडी घेऊन यायच्या. "तेवढं दुपटं शिवून दे गं." त्याचे पैसे कुणी देत नव्हतं आणि ती मागतही नव्हती. पैसे मिळायचे ते बिडीचे. परकरी वयात मांडीवर बिड्या वळायचं सूप आलं, ते पन्नाशी जवळ आली तरी उतरलं नव्हतं. पाठ धरली होती, तंबाखूनं खोकला लागला होता. डॉक्टर म्हणाले, "आता हे सोडा." सोडून खायचं काय, ते मात्र ते बोलले नाहीत.

ते बोलली तेजस्वी, मंगलच्या भावाची मुलगी. बेळगावजवळ मच्छेला एका कंपनीच्या ऑफिसात होती. तिनं दुपट्याचे फोटो काढले आणि विचारलं, "आत्या, एका दुपट्याला वेळ किती लागतो?"

मंगलनं डोळे बारीक करून विचार केला. "तीनेक हजार बिड्या वळून व्हतील तेवढा. त्याचं जे मिळतंय तेवढंच लाव की."

"आणि कापडाचं?"

"जुन्या लुगड्याचं कसलं गं पैसे?"

"बिडीचं गणित दुपट्याला लावू नकोस," असं म्हणून तेजस्वीनं बाराशे लावले आणि फोटो ऑनलाइन टाकले. मंगलला चोरी केल्यासारखं झालं. दोन दिवसांत ती किंमत गल्लीतल्या सगळ्या फोनांवर फिरली. शेजारची जयाबाई दारातूनच ओरडली, "मंगल, तू शिवल्यालं माझ्या नातवाचं दुपटं आता काचंत घालून भिंतीला लावती बघ. बाराशेचं हाय म्हणं! आनि हे बेनं त्याच्यावर रोज मुततंय!"

गल्ली हसली. मंगलही हसली, पण रात्रभर तिला ते बाराशे टोचत राहिले.

आणि खरंच ऑर्डर आली. पुण्याच्या एका बाईचं बाळांच्या कपड्यांचं दुकान होतं. तिनं दहा दुपटी मागवली, घासाघीस न करता. तेजस्वी म्हणाली, "दर महिन्याला अशी एक आली ना आत्या, तर बिडीचं कार्ड परत करून टाक." त्या दिवसापासून सूप उचलताना मंगलला वाटायला लागलं, आता थोडेच दिवस.

गल्लीतली जुनी लुगडी विकत घेऊन तिनं दहा दुपटी पुरी केली आणि अकराव्याला कापड संपलं. अकरावं कशाला, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. वळलेल्या बिड्या जमा करायच्या, त्या शाखेत चेकर पुढं आलेल्या बिड्यांत हात घालतो आणि वाईट म्हणून मूठभर बाजूला फेकतो. ती छाट. तिचे पैसे नाहीत आणि ती परतही मिळत नाही. म्हणून हजाराला हजारच बिड्या कुठलीच बाई नेत नाही, वर चार घालूनच नेते. मंगलनंही छाटीला एक घातलं. ट्रंकेतलं आईचं इरकली काढलं, काठ तेवढे चारी बाजूंनी राखले आणि ते दुपटं सगळ्यात जीव लावून शिवलं. छाटीला घातलेलं वाईट असून कसं चालेल?

पंधरवड्यानं पुण्याच्या बाईचा फोन आला. "काकू, लोकांना फार आवडली. आता तीस हवीत. फक्त रेट मागच्यासारखा अकराचा धरू या हं. दहाच्या पैशात अकरा."

मंगल गोंधळून "बरं बघती" म्हणाली. रविवारी तेजस्वी आली तेव्हा तिला सांगितलं, तर तेजस्वी कपाळावर हात मारून खालीच बसली.

"तू अकरा पाठवलीस?"

"छाटीला नको व्हय?"

"कोण छाटणार होतं गं, आत्या? तिथं कोण चेकर बसलाय?"

तिनं फोनवर दुकानाचं पान उघडलं. सगळ्यात वर इरकली दुपटं होतं. किंमत अठ्ठावीसशे. खाली लिहिलं होतं, 'विकले गेले'.

मंगल त्या काठाकडं बघत राहिली. आई त्या लुगड्यात पंचमीला माहेरी जायची. मग तिनं फोन ओढून घेतला आणि स्वतःच नंबर लावला.

"ताई, ते अकरावं परत धाडा. न्हायतर त्याचं पैसे द्या."

"अहो काकू, ते तुम्हीच दिलंत ना? मी मागितलं होतं का?"

आपण होऊन दिलं होतं, हे खरंच होतं. तेच तर तिला सहन होत नव्हतं. "तीस पायजे असतील तर बाराशेनंच," ती म्हणाली.

"बघते, कळवते," बाई म्हणाली. आठवडा गेला, कळवलं नाही.

सोमवारी मंगल बिड्या घेऊन शाखेत गेली. चेकर भरमूनं सवयीनं मूठभर उचलून बाजूला फेकल्या.

"माझी छाट मला द्या," मंगल म्हणाली.

मागच्या रांगेतल्या बायका बघायला पुढं वाकल्या. भरमूनं मान वर केली. "नेऊन काय करणार हाईस?"

"जाळीन, न्हायतर वढीन. माजी हाय न्हवं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "द्या की वं अण्णा. मंगल आता ऑनलाइनवाली हाय." बायका खदखदल्या. भरमूनं बिड्या तिच्या पुढ्यात ढकलल्या आणि पुढच्या कामाची टेंभुर्णीची पानं मात्र गठ्ठ्याच्या तळातनं काढून दिली. फाटकी, भोकं पडलेली.

"पान बदलून द्या."

"हाईत ती हीच. पायजे तर घे."

तिनं घेतली. पदरात छाट आणि पिशवीत फाटकी पानं घेऊन ती गल्लीत शिरली, तर जयाबाई दारातच. "पुण्याचा फोन आला काय गं?"

"न्हाय. आला तरी बाराशेनंच सांगणार हाय."

घरात येऊन तिनं पानं भिजत टाकली. असल्या पानांत भरमू उद्या किती छाटील आणि वर किती वळून न्याव्या लागतील, असा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला. तो सुरू झालेला कळला, तशी ती पानं पाण्यात जोरानं दाबत स्वतःलाच शिव्या घालत बसली.