राजाची लंगडी मेंढी

राजवाडे बघायला मी फ्रान्सला गेले नव्हते. तिथं मेंढपाळांचा मेळावा होता आणि हिंगोली जिल्ह्यातून आम्ही दोघंच होतो. मी चळवळीची पत्रकं लिहिणारी, आणि मेंढरं राखणारे मामा. सख्खे नाहीत, आईच्या गावचे म्हणून मामा. सिद्धेश्वरच्या धरणाजवळचं आमचं गायरान सोलर कंपनीला द्यायचं घाटत होतं. चरायच्या हक्काचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. होते ते मामा. कुठल्या महिन्यात कळप कुठल्या वाटेनं गेला, कुठल्या झऱ्यावर पाणी प्याला, कुणाच्या आज्यानं मेंढरं कुठं बसवली, सगळं त्यांच्या डोक्यात. परतल्यावर आठ दिवसांत अधिकाऱ्यापुढं सुनावणी होती. चार परक्या माणसांसमोर त्यांची जीभ सुटावी, म्हणून मीच भांडून त्यांचं तिकीट मिळवलं होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी आयोजकांनी आम्हाला बसमध्ये घालून लुआर नदीच्या खोऱ्यात नेलं. पाहुणचार म्हणे. पहिला राजवाडा पाण्यावरच बांधलेला. राणीचा पलंग, राणीची खिडकी, राणीची बाग. खाली मुदपाकखान्यात माणूसभर उंचीच्या चुली, पण त्या फुंकणारीचं नाव कुठंही लिहिलेलं नाही. दुसरा राजवाडा शिकारीचा. आमचं अख्खं गाव जनावरांसकट आत मावलं असतं, आणि राजा उभ्या जन्मात तिथं काही आठवडे राहिला. भिंतीवर हरणांची मुंडकी. शिकार झाली की हरणाची आतडी कुत्र्यांना कशी टाकत, हे वाटाड्या हसत हसत सांगत होता आणि लोक फोटो काढत होते. जंगलाला चहूबाजूंनी भिंत.

आमच्यासोबत दुभाषी म्हणून तिथं शिकणारी पुण्याची एक मुलगी होती. मामांनी तिला विचारलं, "पोरी, भिताडाभाईरच्या लोकायचं काय? हरणानं पीक खाल्लं तं हाकलायचं न्हाई?"

तिनं वाटाड्याला विचारून सांगितलं, "नाही काका. हरण राजाचं. मारलं तर शिक्षा."

"मंग आपल्याकडच्या रोह्यासारखंच की. पीक आपलं, रोही सरकारचा."

नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. मी म्हटलं, "मामा, उद्या हेच बोलायचं. बराबर असंच."

मामा खूश झाले. सदऱ्याची बाही ओढून म्हणाले, "बोलतो की. काहून न्हाई बोलणार?"

बाहेर गवतावर मेंढरं चरत होती, मधे नुसता दोर. आमच्याकडे धनगर कुणाच्या घरी पाहुणा गेला, तर आधी मेंढरांकडे जातो. दोन-चार जनावरांची पाठ चापपतो, दात बघतो, मगच पाणी पितो. तो यजमानाचा मान असतो. मामांनी दोर ओलांडला, एका मेंढीचा मागचा पाय धरला, तिला बुडावर बसवून गुडघ्यांत दाबली आणि खूर उलटा करून नखानं खरवडायला लागले. लोकांनी राजवाडा सोडून मोबाईल इकडे वळवले. रखवालदार ओरडत धावला आणि त्यानं मामांना दंडाला धरून बाहेर काढलं.

त्याच्यावर ओरडायचं सोडून मी मामांवर ओरडले. सगळ्यांसमोर.

"ढोर हाय का तुमी? चळवळीचे प्रतिनिधी म्हणून आणलं तुमाला, ढोरं हाकायला न्हाई. इज्जत घालवली सगळ्यायची!"

"लंगडत व्हती, माय. खूर नासला तिचा."

"लंगडू द्या ना! राजाची हाय, तुमच्या बापाची हाय का?"

दुभाषी मुलगी फिसकन हसली. मामांनी हात धोतराला पुसले आणि बसमध्ये जाऊन बसले.

बस निघायच्या आत तोच रखवालदार दारापाशी आला आणि त्या मुलीशी काहीतरी बोलला. तिनं मला सांगितलं, "यांच्या मेंढक्यानं बघितलं. खूर सडलाय, काका बरोबर होते. त्यांना आभार मानायचेत. सांगू काकांना?"

"राहू दे. उशीर झालाय," मी म्हटलं. उशीर वगैरे काही नव्हता. मी चुकले होते, आणि ते मामांना कळावं असं मला वाटत नव्हतं. मामांना मी हे आजतागायत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात मामा माईकपुढं उभे राहिले. "पोरगी सांगल ते बराबर," एवढं म्हणाले आणि खाली उतरले. मी पत्रक वाचलं. टाळ्या पडल्या. मी स्वतःची समजूत घातली की परका मुलूख आहे, सुनावणीला बोलतील.

सुनावणीत मी उठताच अधिकारी म्हणाले, "बाई, मेंढ्या तुम्ही पाळता का?"

"न्हाई."

"मग खाली बसा. जे पाळतात त्यांना बोलू द्या. बोला बाबा, कुठं चारता, कधीपासून?"

मामा शेजारीच बसलेले. मी कोपरानं ढोसलं. "मामा, बोला ना."

ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला म्हणाले, "म्या बोलू? अन् तुही इज्जत गेली तं?"

कारकून हसला. आमच्या गावचे मागं बसलेलेही हसले. मामा खाली बघत पायाचा अंगठा फरशीवर घासत राहिले.

"कुणीच सांगणार नसेल तर पुढचं प्रकरण घेतो," अधिकारी म्हणाले.

मी पुन्हा उठले. "मी सांगते साहेब."

"सांगा. पाण्याला मेंढरं कुठं नेता?"

"झऱ्यावर."

"कुठल्या झऱ्यावर?"

मी पत्रक उलटं-पालटं करून पाहिलं. त्यात जल, जंगल, जमीन सगळं होतं. झऱ्याचं नाव नव्हतं.