चष्मा विसरणाऱ्या बाई

आमच्या शाळेतल्या बाईंइतकी चष्मा विसरणारी बाई साऱ्या पाथर्डी तालुक्यात झाली नसेल. तिसगावच्या बाजारात त्यांच्याहून म्हातारी माणसं हात धरून त्यांना रस्ता ओलांडून देत आणि बाई मुकाट्याने देऊ देत. खरं तर चष्मा त्यांच्या पिशवीतच असे. वर्गात पोर द्वाडपणा करू लागलं, की मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून म्हणत, "चष्मा राहिला बघ घरी. या बिस्किटपुड्यावर काय लिहिलंय, वाच तेवढं." पोर अडखळे, बाई त्याहून अडखळत, आणि दोघं मिळून एकेका शब्दाशी झटत.

मी त्याच शाळेत शिक्षक, आणि मला ही सगळी थेरं वाटत. माझ्या चौथीत सुरेखा होती. घर ऊसतोडीचं, त्यामुळे दरवर्षी निम्मी शाळा उसाच्या फडात जायची. रोज कुणाची तरी वेणी ओढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शेवटी तिच्या बापानेच सांगितलं, "गुर्जी, आता एक जरी तक्रार आली, तर औंदा तिला संगं नेतो. हितं ठिवून उपेग काय?" तक्रार माझ्या ओठांवरच होती. त्या दिवशी बाई माझ्या वर्गात मागे येऊन बसल्या. ओळीने वाचन चाललं होतं. सुरेखाने बोटांवर पाळी मोजली, पुढे दोघी उरल्या आणि तिने शेजारणीची वेणी ओढली. मी सवयीने तिला बाहेर काढलं. बाई हळूच म्हणाल्या, "सर, तिला बाहेरच जायचं होतं. तुम्ही रोज सुटका करताय तिची." वीस वर्षांची नोकरी झालेली, पण मला तोंड लपवावंसं वाटलं.

मी तक्रार गिळली. सुरेखा बाईंना रोज वाचून दाखवू लागली. दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक गेला, ती मात्र चुलतीकडे राहिली.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा गावाने वर्गणी काढून त्यांना काय दिलं असेल? चष्मा! नंबर कुणालाच ठाऊक नव्हता, अंदाजानेच आणला. सुरेखा माझ्या कानाशी पुटपुटली, "सर, बाईंचा चष्मा पिशवीतच असतोय. मला पहिल्या दिशीच कळलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांला वाईट वाटलं असतं ना."

मुलांनी लिहिलेलं पत्र बाईंनी उघडलं. पिशवीतून स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला, आणि पत्र सुरेखापुढे धरलं. "वाच गं. आज खरंच दिसत नाही."

सुरेखाने सगळ्या गावासमोर वाचलं. दोनदा अडखळली, पण वेणी कुणाची ओढली नाही.

बाईंची फार आठवण येते. वाचनाच्या वेळी कुणी भांडण काढलं, की हल्ली माझाही चष्मा घरी राहतो.