शब्द चुकला, हात पुढे

"शब्द चुकला, हात पुढे!" असं म्हणत सर लाकडी पट्टी उचलायचे. सिन्नरच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी मराठी. तुम्हाला सांगतो, त्यांच्या वर्गातले फटके भिंतीपलीकडे माझ्या वर्गात ऐकू यायचे. मला भयंकर राग यायचा. मुलं मार खाऊनही त्यांच्यावर जीव टाकायची, त्याचा तर जास्तच.

'स्प्लिट' हा शब्द शिकवायला हा गृहस्थ चक्क घरची कुऱ्हाड घेऊन आला! आधी खडू मोडला, "हे ब्रेक." कागद कापला, "हे कट." मग मैदानात बाभळीचा ओंडका उभा करून एका घावात फोडला. "हे स्प्लिट! आतल्या रेषेवरून दोन भाग. लाकूड स्प्लिट होतं, घरही होतं." 'घरही' म्हणताना त्यांचा आवाज उतरला. त्याच महिन्यात ते आणि त्यांचा धाकटा भाऊ वेगळे झाले होते.

जमीन वाटली, विहीर सामाईक राहिली. पाण्याची पाळी एक दिवस यांची, एक दिवस त्याची. वाटणीचा कागद सरांनीच लिहिला होता. एकदा भावाच्या पाळीला दिवसभर लाइटच नव्हती. दुसऱ्या दिवशी लाइट आली, तसा तो मोटर चालू करायला आला.

"कागदावर 'दिवस' लिहिलंय," सर म्हणाले. "तुझा दिवस गेला."

"दादा, टमाटे जळून चाललेत रे. घंटाभर तरी दे!"

"नाय. शब्द म्हंजी शब्द."

भावानं बांधावरची तीच कुऱ्हाड उचलली.

निरोप आला तसा मी दवाखान्यात धावलो. सरांचं डोकं कपाळापासून फुटलं होतं, पट्ट्यांतून रक्त झिरपतच होतं. दाराशी भावाची बायको कडेवर पोर घेऊन उभी होती. फौजदार जबाब घेत होते.

"कोणी मारलं, सर?"

"कोणी नाही. लाकूड फोडत होतो, ढलपी उडाली."

"ढलपीनं एवढं डोकं फुटतं?"

"फुटतं. लिहा."

दाराशी त्या बाईनं कडेवरचं पोर खाली उतरवलं.

सर वाचले, पण वर्गावर पुन्हा आले नाहीत. मला ते आठवतात त्या खाटेवरचेच. फौजदार गेल्यावर त्यांनी उजवा हात उताणा करून माझ्यापुढे धरला.

"घंटाभर पाणी द्यायला पायजे होतं. चुकलं. मारा, सर."